मगनची आई

कोकिळाने मुलाचे नाव मगन ठेवले आणि तो मगन झालाही, रडण्यात. तीन महिन्यांत त्याने फैजपुरातल्या त्यांच्या गल्लीत प्रत्येक बाईला मत द्यायची संधी दिली. कोणी म्हणे दूध पातळ, कोणी म्हणे आईचे हातच थंड. जाऊ निर्मलाचा मुलगा बारा दिवसांनी मोठा आणि इतका शांत, की सगळे त्याला ‘आबा’ म्हणत. निर्मला म्हणे, “काही नाही वं, लेकरू धरता आलं पाहिजे.”

आठ दिवसांनी कोकिळाला धुळ्याला नवऱ्याकडे बिऱ्हाड करायचे होते. तिने मनाशी ठरवले, एकटीच्याने हे पोर सांभाळले जाणार नाही, जायचेच नाही. हे सासूला, यशोदाबाईंना सांगायला तिने नेमका बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, दिवस निवडला. ज्वारीचा घाटा गरम आहे तोवर थापावा लागतो. त्या दिवशी घरात कोणी कोणाचे ऐकत नाही.

यशोदाबाईंनी मात्र ऐकले. ओल्या फडक्यावर बिबडा थापत म्हणाल्या, “निर्मला, तू मगनले पहाय. कोकिळे, तू आबाले घे.”

निर्मला हौसेने उठली. खांदा, झोळी, घुटी, अंगाई. मगनने प्रत्येक उपायाला एकच उत्तर दिले. इकडे आबाने कोकिळाकडे ओळखीचे पाहुणे आल्यासारखे पाहिले, जांभई दिली आणि झोपला. कोकिळा आपल्या हातांकडे पाहत राहिली. तेच हात, तेवढेच थंड.

तासाभरात निर्मला अंबाडा सुटलेल्या अवस्थेत आली. “घे वं माय तुझं लेकरू! तीन महिने कशे काढले तू? मले वाटे मीच हुशार. हा आबाच भला निघाला बिचारा!”

“त्याला रस्त्याकडे तोंड करून धरायचं,” कोकिळा म्हणाली. “म्हशी दिसल्या की थांबतो. घटकाभरच.”

“आधी का नाही सांगितलं?”

“कोणी विचारलंच नाही.”

मगन घटकाभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला. पण आज त्या रडण्यात कोकिळाला आपली चूक ऐकू आली नाही. तिने निर्मलाचा अंबाडा बांधून दिला आणि जाऊन सासूच्या पाया पडली.

“आता पाया? घाटा निवू राह्यला!”

“आत्या, धुळ्याची गाडी कितीले सुटते?”

“सकाळी सातले. वाटेत रडला तं?”

“रडेलच,” कोकिळा म्हणाली आणि मगनला खांद्यावर टाकून बिबडे थापायला बसली.