टोकाला होता तो रंग

मित्रांनो, मी एक जुना नीलम आहे. कधी न कापलेला, कधी भट्टीत न तापलेला. बोटाच्या पेराएवढा, दोन्हीकडे निमुळता. जमिनीखाली किती काळ पडून होतो कोण जाणे, पण तिथे मी असा दमलो नव्हतो. मला दमवलं ते माणसांच्या नजरांनी.

कुरुविटा गावाजवळच्या आपल्या भातशेतात खड्डा खणून अरियवंशाने मला वर काढलं. पुढे तो तापाने गेला आणि मी त्याच्या बायकोच्या, हीनमेणिकाच्या विड्याच्या पेटीत सुपारीशेजारी जाऊन पडलो. तिचं मागणं एकच होतं. मला चांगली किंमत यावी, म्हणजे शेत खणायला द्यावं लागणार नाही. खड्डे बुजतील आणि पुन्हा भात लावता येईल.

मग पारख करणारे येऊ लागले. जो येई तो मला जिभेने ओला करी, आभाळासमोर धरी, बॅटरी मारी. एक म्हणाला कापा, दुसरा म्हणाला तापवा. तिसऱ्याने तोंड वाकडं केलं.

"रंग आहे का हा? भाताची पेज दिसतेय नुसती!"

"मग काल पण तुम्हीच येऊन गेलात, ते पेज प्यायला का?" हीनमेणिका म्हणाली.

अशी वर्षं गेली. शेवटी बेरुवलाहून खड्यांचा एक म्हातारा व्यापारी आला, त्याला सगळे हाजियार म्हणत. त्याने भिंगातून मला सावकाश पाहिलं. माझी टोकं शाबूत, अंगावरच्या निसर्गाच्या रेघा शाबूत. आतल्या रेशमासारख्या बारीक सुया पाहून तो हसला.

"आग लागलेली नाही याला. रेशीम जिवंत आहे. अक्का, मी हा कापणार नाही, असाच जपून ठेवीन. आत जरा धुरकट दिसतंय, पण पोयाची, पौर्णिमेची सुट्टी झाली की येतो आणि नेतो."

त्या दिवशी मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

पण हीनमेणिकाचा धाकटा भाऊ सिरिमल तिथेच बसला होता. तो खडे घासणारा, हाताने कसबी. दुसऱ्याच्या खड्याला चाकावर धरण्याआधी तो दहादा विचार करी. बहिणीच्या बाबतीत मात्र त्याला घाई झाली.

"अक्का, धुरकट म्हणाला तो. ऐनवेळी फिरला तर? थोडं घासून एवढीशी खिडकी उघडतो. आतलं स्वच्छ दिसलं की निमूट घेईल."

"बिघडणार नाही ना रे मल्ली?" तिने धाकट्या भावाला विचारलं.

"माझ्यावर भरवसा नाही?"

खिडकी उघडायची तर सगळ्यात निळ्या जागी, असं त्याला वाटलं. त्याने माझं टोक चाकावर टेकवलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. माझा सगळा निळा रंग त्या टोकालाच होता, तोही कांद्याच्या पापुद्र्याएवढा. सिरिमलने मला पाण्यात बुडवून उजेडात धरलं. निळा कुठेच उरला नव्हता, आणि त्याचाही चेहरा माझ्यासारखाच पांढरा पडला.

हाजियार ठरल्याप्रमाणे आला. त्याने घासलेल्या टोकावर अंगठा फिरवला.

"हे कुणी केलं?"

सिरिमल तोंड उघडणार, तेवढ्यात हीनमेणिका म्हणाली, "मीच सांगितलं होतं."

म्हाताऱ्याने मला हळूच पेटीत ठेवलं. चहा न घेताच तो निघून गेला.

आता मी ना जपून ठेवण्याजोगा, ना कापण्याजोगा. मित्रांनो, एखादी वस्तू आवडली तर तिला आणखी चांगली करायला धावू नका. ती आहे तशी कुणाला हवी आहे का, एवढं आधी बघा. माझं फार वाईट वाटून घेऊ नका. मला फक्त निजायचं आहे. वाईट वाटतं ते तिच्या शेताचं. तिथे खड्ड्यातलं पाणी उपसायचा पंप पुन्हा धडधडतोय. सिरिमलने चाक विकून टाकलं आणि तो स्वतःच कमरेएवढ्या चिखलात उतरतो. दुसरा नीलम मिळाला, तरच ते खड्डे बुजवता येतील.

दुपारी हीनमेणिका त्याचा डबा घेऊन बांधावर जाते.

"मिळाला तर घासू नकोस हं," ती वरून म्हणते.

तो खाली मान घालून रेती धूत राहतो. मग ती त्याच्यासाठी पानावर भात वाढते, आणि तो वर येईपर्यंत माश्या वारत बसते.