खऱ्या नावाचा गुलाब

ममता राठोडनं वयाच्या चौदाव्या वर्षी एका माणसाला धुळीला मिळवायचं ठरवलं, आणि त्यासाठी तिला पुढं तेरा वर्षं लागली.

त्या माणसाचं नाव चारुदत्त पांढरीपांडे. यवतमाळात मोठ्या हुद्द्यावर होते. घरात तीन पिढ्यांची सरकारी कचेरीतली नोकरी, बोलणं साखरेसारखं, कपड्यांना कडक इस्त्री. गुलाबांचं वेड असं की बंगल्याभोवती दोनशे झाडं. वेड साहेबांचं होतं, पण झाडं जगवायचा ममताचा बाप, देवसिंग. नेरजवळच्या तांड्यातून रोज पहिली एसटी धरून तो बंगल्यावर यायचा. खुरपणी, छाटणी, कलमाचे डोळे भरणं, सगळं त्याच्या हातचं.

एकदा एसटी चुकली म्हणून देवसिंग शकुंतला रेल्वेच्या रुळाकडेनं पायी निघाला. वाटेत इंग्रजांच्या वेळचा, रेल्वेच्या कुण्या साहेबाचा पडका बंगला होता. तिथं बाभळीच्या जाळीत त्याला एक गुलाब दिसला. कित्येक वर्षांत कुणी तांब्याभर पाणी घातलं नसेल, तरी फुललेला. आतून सायीसारखा, बाहेरून तांबूस गुलाबी. फूल मान खाली घालून उभं, आणि वास चहाच्या नव्या पुड्यासारखा. देवसिंगनं त्याच्या कांड्या आणल्या, बंगल्यावर लावल्या आणि कुठून आणल्या ते साहेबांना सांगितलं.

"कुणाला बोलू नकोस," साहेब म्हणाले.

तीन वर्षांनी नागपूरच्या प्रदर्शनात तो गुलाब 'स्पृहा' म्हणून झळकला. स्पृहा ही साहेबांची मुलगी. अकरा वर्षं संकर करून आपण हा नवा वाण काढला, असं साहेबांनी सांगितलं आणि पेपरात फोटो आला. देवसिंगला त्याचंही वाईट वाटलं नाही. त्यानं फक्त त्यातली एक कांडी आपल्या दारापुढं लावली.

ते साहेबांच्या कानावर गेलं. त्र्याण्णव सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी तांड्यात जीप आली. साहेब उतरले, सोबत ओळखीचा एक पोलीस शिपाई.

"माझा वाण चोरून विकतोस?" साहेबांनी विचारलं. "खण. तुझ्या हातानं खण. मुळाशी माती राहू दे."

अख्खा तांडा जमला होता. फुलांनी लगडलेलं झाड देवसिंगनं कुदळीनं खणलं, पोत्यात बांधलं आणि जीपमध्ये नेऊन ठेवलं. शेवटी एवढंच म्हणाला, "साहेब, म्याच तं आनलं होतं थे."

"काय आणलं होतंस?" साहेबांनी अगदी हळू विचारलं.

देवसिंगनं मान खाली घातली. शिपाई हसला. ममता दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

त्या दिवसापासून देवसिंगनं मातीला हात लावला नाही. कापसाच्या जिनिंगवर चौकीदारी धरली. अंगणातल्या मिरचीच्या रोपालासुद्धा तो पाणी घालत नसे. जमनी, त्याची बायको, म्हणायची, "मानूस हाय, पन हात मेले याचे." पुढं रुळालगतचा रस्ता रुंद झाला तेव्हा तो पडका बंगला आणि ती बाभळीची जाळी दोन्ही भुईसपाट झाली. साक्षीला काही म्हणून उरलं नाही.

ममता शिकली, नेरच्या शाळेत विज्ञानाची बाई झाली, तिथंच खोली घेऊन राहू लागली. दोन हजार चार साली बस स्टँडजवळ इंटरनेटचं दुकान निघालं आणि ती दर रविवारी तिथं बसू लागली. वाचता वाचता तिला कळलं, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे गुलाब आता बाजारात मिळत नाहीत. परदेशातल्या मोजक्या नर्सऱ्यांनी ते जपून ठेवलेत, आणि त्या प्रत्येकाला नाव आहे, साल आहे. रुळाकडेचा गुलाब कुण्या गोऱ्या साहेबानं लावला असेल, तर त्यालाही नाव असलंच पाहिजे. ते नाव सापडलं की पांढरीपांडेंची अकरा वर्षं एका फुंकरीत उडतील.

साहेब निवृत्त झाले होते आणि आता 'स्पृहा'ची रोपं विकत होते. ममतानं शाळेतल्या सत्यशीलाबाईंना पाठवून एक रोप आणवलं. ते फुललं तेव्हा तिला लगेच ओळख पटली. तोच वास, तीच वाकलेली मान. तिनं फोटो काढून चौदा नर्सऱ्यांना पाठवले. इंग्लंडमधल्या नर्सरीनं कळवलं, आम्ही भारतात झाडं पाठवत नाही. जर्मनीतून उत्तर आलं, या फोटोसारखे बारा तरी गुलाब निघतील. फ्रान्सातल्या तिघांनी उत्तरच दिलं नाही.

मग इटलीहून लुचिया नावाच्या एका म्हातारीचं पत्र आलं. डोंगरउतारावर तिची नर्सरी होती. तिनं नुसते प्रश्नच विचारले होते. काटे सरळ की आकड्यासारखे? कळीचा रंग उघडताना बदलतो का? पाकळी मागून पाहिलीस?

ममतानं पाकळी उलटी केली. तळाशी केसाएवढी लाल शीर होती. आजवर कुणी पाहिलीच नव्हती. तिनं फुलं आणि पानं पुस्तकात दाबून वाळवली आणि पोस्टानं पाठवून दिली.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. "हा मादाम ताव्हेर्नेल. अठराशे एक्याऐंशी साली फ्रान्सात निघालेला. माझ्याशिवाय कुणाकडे उरला नाही असं मी समजत होते." सोबत जुन्या सूचीच्या पानाची प्रत होती, त्यात चित्र, साल आणि काढणाऱ्याचं नाव. खाली म्हातारीनं मजकुराचा अर्थ लिहिला होता: हा गुलाब बागेतच पाहावा. खुडला की दुपारपर्यंत पाकळ्या गळतात.

दुसरी कुणी असती तर ते पान घेऊन सरळ पेपरवाल्यांकडे गेली असती. ममता थांबली. चित्र सारखं दिसतं म्हणून काय झालं, असं साहेब हसून म्हणतील हे ती ओळखून होती. तिला जिवंत झाड पाहिजे होतं, भर प्रदर्शनात साहेबांच्या झाडाशेजारी ठेवायला.

परदेशातून झाड मागवायच्या परवान्यासाठी ती चारदा नागपूरला गेली. पहिली पेटी मुंबईला अडकली आणि एप्रिलच्या उन्हात कोळसा होऊन हाती आली. ममता रडली नाही. काड्या चुलीत घातल्या आणि पुन्हा पत्र लिहिलं. दुसरी पेटी दोन हजार सहाच्या जानेवारीत आली. तीन झाडं, आणि शिक्क्याचा दाखला. मे महिन्यानं दोन खाल्ली. तिसरं तिनं ओल्या पोत्याच्या आडोशाला बाळंतिणीसारखं जपलं.

त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि कशासाठी यायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. जो तो कापसाला उतारा घेऊन दारी येत होता. कुणी शेळ्या, कुणी एरंडी, कुणी कोरफड. पांढरीपांडेंनीही संधी साधली. 'कापूस सोडा, स्पृहा लावा' असे फलक गावोगाव लागले. फूल नागपूरच्या बाजारात जाईल, तिथून विमानानं दिल्लीला.

जूनमध्ये ममता तांड्यात गेली तेव्हा भावसिंग, जमनीचा सख्खा भाऊ, ओसरीवर बसला होता. देवसिंग कामावर गेला होता.

"ममता, तुले गुलाबाचं समजते," मामा म्हणाला. "दोन एकरात लावू का थो स्पृहा? साहेबाची मानसं येऊन गेली. वावर मोकळंच ठेवलं मी, कापूस नाही पेरला अजून."

ममताच्या पर्समध्ये त्या पानाची प्रत होती. दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. नागपूर तर सोडाच, यवतमाळच्या बाजारात पोचेस्तोवर टोपलीत नुसते देठ उरतील. पण मामा पोटात गोष्ट ठेवणाऱ्यातला नव्हता. आज त्याला सांगितलं, की उद्या तांडा, परवा नेर आणि चौथ्या दिवशी साहेब. मग साहेब काहीतरी पळवाट काढतील, वाण मागं घेतील, प्रदर्शनाला फिरकणारच नाहीत.

"तुमची मर्जी, मामा," ती म्हणाली.

"म्हंजे लावू?"

"मी काय सांगू? तुमचं वावर हाये."

जमनीनं पोरीकडं एकदा नीट पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

मामानं दोन एकर गुलाब लावला. तांड्यातल्या आणखी तिघांनी त्याचं पाहून लावला. ऑक्टोबरात ममताच्या खोलीमागं इटलीच्या झाडाला पहिली कळी आली. तिनं पाकळी उलटी करून पाहिली. लाल शीर होती.

प्रदर्शन जानेवारीत, यवतमाळच्या एका मंगल कार्यालयात होतं. मधल्या टेबलावर 'स्पृहा'ची एकवीस फुलं होती, पुढं पितळी पाटी: 'संकरक : चारुदत्त पांढरीपांडे'. दुपारी साहेबांचा सत्कार होता. नागपूरहून परीक्षक म्हणून विमलताई आल्या होत्या. साठीच्या, गुलाबात मुरलेल्या बाई. साहेबांची स्पृहाही पुण्याहून आली होती.

ममतानं जुन्या गुलाबांच्या विभागात नुकत्याच खुडलेल्या फुलाची एकच बाटली ठेवली आणि चिठ्ठीवर लिहिलं: मादाम ताव्हेर्नेल, १८८१. बापाला ती मुद्दाम घेऊन आली होती. काय आहे ते सांगितलं नव्हतं.

विमलताई ती चिठ्ठी वाचून थबकल्या. बाटली उचलली, वास घेतला, मधल्या टेबलापाशी जाऊन 'स्पृहा'चं फूल घेतलं आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात धरली.

"पांढरीपांडे," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे या. ही दोन्ही फुलं एकाच वाणाची आहेत."

साहेब हसत आले. चिठ्ठी पाहिली. "कुणीतरी माझंच झाड घेऊन विलायती नाव चिकटवलंय. असल्या चोऱ्या फार होतात, ताई."

"झाड इटलीहून आलंय," ममता पुढं होऊन म्हणाली. तिनं शिक्क्याचा दाखला टेबलावर ठेवला, मग लुचियाची पत्रं, मग सूचीचं पान. "साल बघा, साहेब. तेव्हा तुमचे आजोबा तरी जन्मले होते का?"

लोक गोळा झाले. विमलताईंनी चष्मा लावून पान वाचलं, मग फुलाची पाकळी उलटी केली. दुसऱ्या फुलाचीही केली.

"शीर दोन्हींना आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या संकराच्या नोंदी असतील ना? आईबापाचे वाण कोणते?"

साहेबांनी ओठ ओले केले. नजर फिरवत असताना त्यांना दाराशी देवसिंग दिसला आणि बुडत्याला काडी मिळावी तसे ते म्हणाले, "हा माझा जुना माळी. विचारा याला, मी किती वर्षं मेहनत घेतली ते. सांग रे, देवसिंग."

देवसिंग पुढं आला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"मेहनत म्या घेतली, ताई," तो विमलताईंना म्हणाला. "झाड रुळाकडच्या पडक्या बंगल्यात होतं. म्या आनलं. साहेबानं नाव ठुलं."

स्पृहा बापाजवळ गेली. "बाबा, माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही अकरा वर्षांची गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली. साहेबांनी तिच्याकडं पाहिलंच नाही.

एका कार्यकर्त्यानं पितळी पाटी उचलायला हात पुढं केला. ममतानं त्याला अडवलं.

"साहेबांना काढू द्या," ती म्हणाली. "त्यांच्या हातानं."

साहेबांनी पाटी काढली. हात असा थरथरत होता की पाटी बाटल्यांवर आपटली आणि चार बाटल्या आडव्या झाल्या. पाणी त्यांच्या इस्त्रीच्या पँटवर सांडलं. ममतानं ते सगळं डोळे भरून पाहिलं. तेरा वर्षांत इतकं गोड तिच्या जिभेवर काही आलं नव्हतं.

परतीच्या एसटीत, स्वतः सगळं पाहिलं असूनही, देवसिंगनं विचारलं, "हात कापत होता न थ्याचा?"

"व्हय, बा."

"डावा का उजवा?"

"उजवा."

"पुन्हा सांग बरं, पहिल्यापासून," देवसिंग म्हणाला. तिनं नेर येईपर्यंत दोनदा सांगितलं.

आठवड्याभरात 'कापूस सोडा'चे फलक उतरले. साहेबांनी बंगल्याचं फाटक लावून घेतलं, नर्सरी बंद केली. महिन्याभरात मामाच्या वावरात फुलांचा पहिला बहर आला. त्यानं टोपल्या भरून यवतमाळला नेल्या. व्यापाऱ्यानं टोपली हलवली, पाकळ्यांचा ढीग खाली पडला, आणि तो पुढच्या माणसाकडं वळला.

संध्याकाळी मामा सरळ ममताच्या खोलीवर आला. बसला नाही.

"हे फूल टिकत नाही, थे तुले कधीपासून मालूम होतं?"

ममताला खोटं बोलता आलं असतं. "जूनच्या आधीपासून," ती म्हणाली.

"मी इचारलं तवा मालूम होतं?"

"व्हय."

मामानं दाराची कडी हातात धरली. मग म्हणाला, "कापूस लावला असता तरी बुडालोच असतो म्या. पन थे माह्या अकलेनं बुडालो असतो. तू तं मले गळाच्या गांडुळासारखा वापरला, पोरी."

तो गेला.

ही गोष्ट जमनीला कळली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशीच वळखलं होतं म्या तुह्या तोंडावरून. इचारलं नाही, थे माहं चुकलं."

रविवारी ममता कुदळ घेऊन मामाच्या वावरात गेली. मामा झाडं उपटत होता. तिला पाहून त्यानं ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. तिनं दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. काट्यांनी हात सोलवटून निघाले. दुपारी मामी दोन भाकरी घेऊन आली, मामानं त्यातली एक तिच्यापुढं सरकवली.

"साहेबाचं तोंड पाह्यलं म्हनते तुहा बाप," मामा खाता खाता म्हणाला. "लई खूश हाय थो. काल बाजारातून मिरचीचं रोप आनलं थ्यानं."

"हो."

"पुन्हा असं झालं, तं मले सांगशीन?"

ममतानं खरं उत्तर शोधायचा प्रयत्न केला. साहेबांचा थरथरता हात आठवला, आणि अजूनही ते तेवढंच गोड लागलं.

"नाही सांगता येत, मामा," ती म्हणाली.

मामानं भाकरी संपवली, हात झटकले आणि पुढच्या ओळीला लागला. थोड्या वेळानं तीही उठली. अजून अर्धं वावर बाकी होतं.