लिंडसेची गुंतवणूक आणि माझे मंगळवार

लिंडसे प्राउसने म्हातारपणाची तरतूद म्हणून लाल रंगाची, दोन माणसांची, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा आमच्या अरारट गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, ह्याला बायको गेल्याचं दुःख सहा वर्षं उशिरा लागलं. उरलेल्या निम्म्यांना ते दुःख कधी झालंय असंच वाटत नव्हतं, त्यामुळे ते काही बोलले नाहीत. चाळीस वर्षं त्याने बार्कली स्ट्रीटवर औषधांचं दुकान चालवलं. खोकल्याच्या बाटलीवर वीस सेंट जास्त लागले तर गिऱ्हाइकाला रस्त्यात गाठून परत करणारा माणूस. त्याने पंचावन्न हजार डॉलर एका गाडीत घातले, तेही १९७५च्या.

तो ज्याला त्याला समजावत सुटला. शेअर पडतात, घरांना वाळवी लागते, बँकेच्या व्याजात महिन्याची चहा-बिस्किटं निघत नाहीत. पण १९७५ची गाडी आता कोणी नव्याने बनवणार नाही, म्हणजे भाव वाढतच जाणार. मी त्याला म्हटलं, तुझ्या सालातली माणसंही आता कोणी बनवत नाही, तुझा कुठे भाव वाढलाय?

तर त्याने ती गाडी खिशातून नाही घेतली. तो आणि ॲडलेडची त्याची बहीण मर्ल, दोघं मिळून आपला पेन्शनचा फंड स्वतःच सांभाळतात. त्या फंडातून घेतली, कारण तिथे कर कमी बसतो. कर वाचतोय म्हटल्यावर लिंडसेला पुढचं काही वाचायचं सुचत नाही. पुढचं त्याला थिओ कलाव्रितिसने, म्हणजे त्याच्या अकाउंटंटने, वाचून दाखवलं. गाडी ताब्यात आल्यावर.

नियम साधा आहे. फंडातली गाडी ही गुंतवणूक आणि गुंतवणुकीची मजा मारायची नाही. मालकाने ती चालवायची नाही, आपल्या घरी ठेवायची नाही. त्याच्या बहिणीने, भाच्याने, मेव्हण्याने, नात्यातल्या कोणीच चालवायची नाही. इंजिन धरून बसू नये म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची झाली तरी परका माणूस हवा. थिओ सांगतो, हे ऐकून लिंडसेने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचायला लावला.

आता अरारटमध्ये प्राउसांशी नातं नसलेलं माणूस शोधणं काही सोपं नाही. ते लोक इथे पाच पिढ्या आहेत आणि पूर्वी गावात करमणुकीची साधनं फारशी नव्हती. शेवटी तो माझ्या दारात आला. मी ग्लेनिस ट्रेगोनिंग, मूळची टास्मानियाची, लग्न होऊन इथे आलेली, नवरा रेग वारून बरीच वर्षं झालेली. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. गिअर टाकताना माझा हात चुकत नाही आणि प्राउसांचं रक्त माझ्यात थेंबभर नाही.

असे माझे मंगळवार सुरू झाले. गावाबाहेर एका लोकर व्यापाऱ्याच्या शेडमध्ये गाडी भाड्याने ठेवलेली असे. दर मंगळवारी मी टप खाली करायची, इंजिन गरम होऊ द्यायची आणि मॉयस्टनवरून पोमोनलपर्यंत जाऊन परत यायची. लिंडसे मागून त्याच्या पांढऱ्या हॅचबॅकमध्ये यायचा. स्वतःच्या गाडीचा पाठलाग करणारा मालक मी दुसरा पाहिला नाही. म्हणे, मला आवाज ऐकायचाय. पहिल्या दोन वळणांपर्यंत मी त्याला ऐकू द्यायची. मग पाय दाबायची की तो आरशातून नाहीसा व्हायचा.

सरळ सांगते, रेग गेल्यापासून मला कशातच एवढा आनंद झाला नव्हता. सोमवारी रात्री मी केस धुवायची. सदुसष्ट वर्षांची बाई, केस धुवायची, का, तर दुसऱ्या दिवशी वारा लागणार म्हणून.

परत आल्यावर लिंडसे तेल, पाणी, टायरमधली हवा बघायचा आणि भाव सांगायचा. मेलबर्नला अशीच एक सत्तरला गेली. जीलाँगला एक ऐंशीला. कशी चालते, वळणावर कशी धरते, हे त्याने मला एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, त्याला त्यात रसच नाही.

सहा वर्षं अशी गेली. मग ह्या फेब्रुवारीत तो बॅलरॅटच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपीसुद्धा काढली नाही.

"डोळे चाललेत," तो म्हणाला. "लायसन फार तर वर्षभर टिकेल."

मी चहा ठेवला.

"ग्लेनिस, मला ती चालवायचीय. एकदा तरी."

थिओने मार्ग काढून दिला. फंडात लिंडसेच्या वाट्याचे बासष्ट हजार उरले होते. तो वाटा सोडून त्याने त्या बदल्यात गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. पण किंमत बाहेरचा माणूस ठरवणार, म्हणजे मर्लवर अन्याय व्हायला नको. बासष्टच्या आत बसली तर गाडी त्याची. वर गेली तर ती फंडातच राहणार, आणि तो मागून हॅचबॅकमध्ये. मी विचारलं, वाटा संपला तर खाणार काय? म्हणाला, सरकारी पेन्शन आहे, टोस्ट खाईन.

तेव्हा गंमत अशी झाली की सहा वर्षं भाव वाढावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस आता तो पडावा म्हणून बसला. गावच्या क्लबातल्या बार्बेक्यूला ज्यांच्यापुढे त्याने गाडीची आरती ओवाळली होती, त्यांनाच सांगू लागला की जुन्या गाड्यांचं आता काही खरं नाही, पोरांना विजेच्या गाड्या हव्यात. लोकांना वाटलं, ह्याचे डोळेच नाही, डोकंही गेलं.

आणि माझी गोष्ट निराळीच होती. गाडी त्याची झाली की माझे मंगळवार संपणार होते. लिंडसे आपली वस्तू दुसऱ्याला वापरू देणारा नाही. त्याचं गवत कापायचं मशीन सख्ख्या भाच्याला मिळत नाही. मला त्याची दया येत होती आणि किंमत नव्वदवर जावी असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं, मी त्याला काय करू?

किंमत ठरवायला जीलाँगहून हॅलपेनी नावाचे गृहस्थ आले. जाकीट, टाय, हातात टॉर्च, पत्रा तपासायला खिशात लोहचुंबक. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली सतरंजी टाकून पोटाखाली शिरले, बाहेर आले, गुडघे झटकले. लिंडसे त्यांच्या मागे मागे, टपाला कशी भोकं पडलीत, पाऊस कसा आत येतो, सीटवर बसलं की कंबर कशी धरते ते सांगत होता. ज्या सीटवर तो सहा वर्षांत एकदाही बसला नव्हता.

"रंग कारखान्यातलाच आहे ना?" हॅलपेनींनी विचारलं.

इथे लिंडसेची जीभ अडली. कारण रंगाच्या बाबतीत त्याला खोटं बोलवेना. त्याचा हात आपोआप पुढच्या डाव्या मडगार्डवर गेला, नेहमी जायचा तसा, आणि तो म्हणाला, हो, पंचाहत्तर सालचा, कोणी हात लावलेला नाही.

हॅलपेनींनी मान डोलावली. तसं असेल तर अठ्ठ्याऐंशी हजार, ते म्हणाले. लिंडसेचा चेहरा क्षणभर नुसता फुलला, लग्नात मुलीची तारीफ ऐकावी तसा. मग अठ्ठ्याऐंशी म्हणजे किती ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो तिथल्या लोकरीच्या गठ्ठ्यावर बसला.

हॅलपेनींनी कागद माझ्यापुढे केला. गाडी मी चालवत होते, तेव्हा माझ्या काळात तिला अपघात किंवा दुरुस्ती झालेली नाही, एवढ्यावर सही हवी होती. पेन त्यांनी स्वतःचं दिलं.

आता सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी मी उशिरा निघाले होते. लिंडसे सर्दीने घरी. पोमोनलहून परतताना दिवस मावळत होता आणि मी एकशे वीसने येत होते. कांगारू डावीकडून आला. तो उडी मारून निघून गेला, लंगडतसुद्धा नव्हता, पण मडगार्ड आत गेलं. शेजारच्या स्टॉल गावात माझ्या रेगचा पुतण्या डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. त्याने भंगारातल्या तसल्याच गाडीचं मडगार्ड आणून बसवलं आणि असा रंग जुळवला की मलाही पत्ता लागेना. लिंडसेला मी सांगितलं, मला फ्लू झालाय, दोन मंगळवार जमणार नाही. त्याने मला सूप आणून दिलं. तेव्हापासून पाहुण्यांसमोर तो नेमकं तेच मडगार्ड कुरवाळत पंचाहत्तर साल पंचाहत्तर साल करायचा आणि मी शेजारी चेहरा सरळ ठेवून उभी राहायची.

सही केली असती तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. मंगळवार माझा, वारा माझा. मी लिंडसेकडे पाहिलं. तो गाडीकडे बघत होता, म्हणजे मान थोडी तिरकी करून, कडेने. डॉक्टरकडून आल्यापासून तो असंच बघायचा.

"ते मडगार्ड नवं आहे," मी म्हटलं. "म्हणजे जुनंच आहे, पण हिचं नाही. मी कांगारूला धडकले होते."

मग पुतण्याचं नाव दिलं, तारीख दिली, एकशे वीस तेवढं शंभर सांगितलं. हॅलपेनींनी पेन परत घेतलं, चष्मा बदलला आणि मडगार्डशी नाक लावून पाच मिनिटं बसले. कामाची त्यांनी स्तुती केली. मग रंग, लपवलेला अपघात, कागदांवर नसलेली दुरुस्ती असं पुटपुटत आकडा खोडून खाली नवा लिहिला. एकोणसाठ.

लिंडसे गठ्ठ्यावरून उठला. मला वाटलं, आभार मानतोय.

"एकोणसाठ?" तो हॅलपेनींना म्हणाला. "अहो, एका मडगार्डाने काय होतंय? सत्तरच्या खाली ही गाडी म्हणजे दरोडा आहे."

मी त्याच्या पायावर पाय दिला. चांगला टाचेने दिला. तरी तो इंजिनाचं सांगायला लागला. शेवटी मी त्याला ओढत शेडबाहेर नेलं.

"गप बस, लिंडसे. बासष्टच्या आत आहे."

"तू माझे एकोणतीस हजार घालवलेस," तो म्हणाला. "आणि दोन वर्षं मला लोकांसमोर तुझ्या पुतण्याचा रंग कुरवाळू दिलास." मग तो हॅचबॅकमध्ये बसून निघून गेला.

कागदपत्रं व्हायला पाच आठवडे लागले. त्याचा फोन नाही. सुपरमार्केटमध्ये मला बघून तो कुत्र्यांच्या खाण्याच्या रांगेत शिरला. त्याच्याकडे कुत्रा नाही. मी मंगळवारी कपाटं आवरायची. आवरलेली कपाटं पुन्हा आवरायची. खरं बोलल्याचं समाधान मिळतं म्हणतात, मला काही मिळालं नाही. मला माझी गाडी हवी होती.

सहाव्या मंगळवारी सकाळी दारात हॉर्न वाजला आणि पाठोपाठ धाड्कन आवाज आला. बाहेर येऊन बघते तर लाल गाडी, टप खाली, लिंडसे स्टिअरिंगवर आणि माझा कचऱ्याचा डबा आडवा पडलेला.

"बस," तो म्हणाला.

मी डावीकडे बसले. ह्या गाडीत त्या बाजूला पहिल्यांदाच. गावातून आम्ही तीसने गेलो. मॉयस्टनच्या रस्त्याला लागलो तरी चाळीस. मागे तीन पिकअप, एक दुधाचा टँकर, सगळे हॉर्न देतायत. माझा हात दर दहा सेकंदांनी गिअरकडे जायचा, मी तो मांडीखाली दाबून ठेवला. टँकर आणि पिकअप पुढे गेले, जाताना काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. पुढे लांबच लांब सरळ रस्ता आला. तिथे तर लिंडसेने आणखीच हळू केली.

"अरे, आता तरी चौथा टाक," मी म्हटलं.

"ग्लेनिस," तो म्हणाला, "मला मधलं दिसत नाही. कुंपणं दिसतात दोन्हीकडची. रस्ता आहे तिथे नुसता डाग आहे."

वर्षभर टिकेल म्हणाला होतास ना, मी विचारलं.

"गेल्या महिन्यात डोळे आणखी उतरले. शुक्रवारी लायसन परत द्यायचंय."

म्हणजे एकोणसाठ हजार एका मंगळवारसाठी. थिओला सांगितलं असतं तर तो आडवा झाला असता. शहाण्या बाईने चावी काढून घेतली असती, मला माहीत आहे. एकतीस वर्षं लोकांची मुलं नेलीत मी. मी मागे वळून पाहिलं, कोणी नव्हतं. पुढे पाहिलं, शेवटपर्यंत कोणी नव्हतं. दोन्हीकडे कापलेला गहू आणि कुंपणाआड मेंढ्या. मी उजवा हात त्याच्या हाताशेजारी स्टिअरिंगवर ठेवला.

"सरळ आहे," मी म्हटलं. "दोन किलोमीटर काही नाही."

"दाबू?"

"दाब."

त्याने चौथा टाकला, किरकिर न होता, आणि पाय दाबला. टोपी उडून मागच्या मागे गेली. तो ओरडला नाही की हसला नाही, नुसतं तोंड उघडं ठेवून बसला होता, आणि वारा त्याच्या तोंडात जात होता.

"किती?" त्याने विचारलं.

काटा ऐंशीवर होता.

"एकशे वीस," मी म्हटलं.