दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली जागा

सेंट ओडिल गावच्या बेसबॉल मैदानावर रविवारी सॉसेज भाजण्याचं काम रोझेला थीलेनकडे होतं, आणि ते तिनं मागून घेतलं होतं. चर्चमधल्या बायकांना वाटायचं, म्हातारीला कामाची हौस फार. खरी गोष्ट अशी, की त्या टपरीच्या खिडकीतून शॉर्टस्टॉपची जागा नाकासमोर दिसायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला तो तांबूस मातीचा पट्टा रोझेला लग्न होऊन गावात आली तेव्हापासून बघत आली होती.

तिथे उभे राहून गेलेले सगळे तिला आठवत. वेर्ट्झांचा थोरला, ज्याला पहिल्याच उन्हाळ्यात सैन्याचं बोलावणं आलं. इग्नेशियस, जो लग्नानंतर सासऱ्याच्या गोठ्यात अडकला, कारण गाईंना रविवार कळत नाही. मिनिआपोलिसला नोकरीला गेलेला तो लालकेस्या, ज्याचं नाव बाकी सगळे विसरले होते. ती जागाच तशी. चेंडू तिथे सगळ्यांत जास्त येतात आणि सगळ्यांत वाईट येतात. वाकून उचलायचा आणि पळणारा पोचायच्या आत, अख्खं मैदान ओलांडून, पहिल्या बेसवर फेकायचा. चार-पाच उन्हाळ्यांत गुडघे बोलायला लागतात. मग माणूस तिसऱ्या बेसवर सरकतो. तिथून पहिल्यावर, जिथे समोरच्या गावाच्या खेळाडूंशी गप्पा मारता येतात. आणि तिथून सरळ काउंटरमागे.

"आपल्या गावची सगळी बिअर माजी शॉर्टस्टॉपच ओततात," असं रोझेलाची नणंद मार्सेला म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

रोझेलाचा नवरा अ‍ॅम्ब्रोस अकरा उन्हाळे टिकला होता. त्या काळी आजूबाजूच्या गावांतून लोक नुसतं त्याला बघायला यायचे. अकरा म्हणजे अचाट होतं.

आणि मग लिअँडर स्टाँगल आला. एकोणिसाव्या वर्षी त्या मातीत उभा राहिला तो हललाच नाही. हा त्याचा चोविसावा उन्हाळा. मधल्या काळात गावात चार पाद्री येऊन गेले, शाळा बंद झाली, लोण्याचा कारखाना बंद झाला, हमरस्ता दोन मैल पलीकडे सरकला. लिअँडरबरोबर सुरुवात केलेल्यांची मुलं आता त्याच्याबरोबर खेळत होती. उरलेला आठवडा तो शाळेची बस शेजारच्या गावापर्यंत चालवायचा आणि बापाची शेती बघायचा. लहानपणी रविवारच्या धर्मवर्गात रोझेलानं त्याला शिकवलं होतं, म्हणून बेचाळिसाव्या वर्षीही तो तिला 'मिसेस थीलेन'च म्हणायचा.

त्याच्याकडे चेंडू गेला की सेंट ओडिलचे लोक ओरडत नसत. कुणी ठरवलं नव्हतं, पण गप्पच होत. प्रार्थनेत घंटा वाजते तेव्हा होतात तसे.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी गाठ ब्रेनर्सबर्गशी होती. जिंकणारं गाव राज्य स्पर्धेला जाणार होतं. लिअँडर आजवर राज्य स्पर्धेत एकदाही खेळला नव्हता. दर वर्षी कुठेतरी एका पायरीवर सेंट ओडिल घसरायचं. शेवटच्या डावात ब्रेनर्सबर्ग एका धावेनं पुढे होतं, तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस उभा होता, आणि त्यांच्या एका दांडगट गड्यानं चेंडू सणसणीत मारला. तिसऱ्या बेसच्या पाठीमागे, जिथे कुणी पोचू नये तिथे.

रोझेलाच्या हातातला चिमटा हवेतच राहिला. लिअँडर तिथे होता. तो कधी निघाला ते तिनं पाहिलंच नाही. गुडघा मातीत टेकवून, तसाच बसल्या बसल्या, त्यानं चेंडू फेकला. चेंडू सपाट गेला, दोरीवर सोडल्यासारखा. पळणारा अर्ध्या पावलानं बाद, आणि ब्रेनर्सबर्गची पाळी संपली.

"सॉसेज जळतायत," मार्सेला म्हणाली. पण तीही बघत मैदानाकडेच होती.

तरीही सेंट ओडिल हरलं. आपल्या पाळीत त्यांना ती एक धाव काढता आली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, घड्या घातलेल्या खुर्च्या काखेत मारल्या, पण कुणी गेलं नाही, कारण खरं काम अजून व्हायचं होतं. तिथली रीत अशी, की जिंकलेलं गाव हरलेल्या गावांतून तीन खेळाडू, बहुधा चेंडू टाकणारेच, निवडून स्पर्धेला बरोबर नेतं. निवडलेल्यानं त्या गावाचा शर्ट घालायचा. नाही म्हटलं तरी चालतं, पण नाही कुणी म्हणत नाही.

ब्रेनर्सबर्गचा व्यवस्थापक ऑर्विल हेन्केमायर घडी घातलेला एक हिरवा शर्ट घेऊन मैदान ओलांडू लागला, तेव्हा तो कशासाठी येतोय ते रोझेलाला कळलं.

कारण हे तिनं एकदा पाहिलं होतं. अ‍ॅम्ब्रोस बत्तीस वर्षांचा असताना याच गावानं त्याला असाच नेला होता. दुसऱ्या सामन्यात घसरत आलेला एक माणूस त्याच्या घोट्यावर आदळला. घोटा मोडला तो मोडलाच. अकरा उन्हाळे लाल शर्टात, आणि शेवट हिरव्यात. तो शर्ट तिनं परत केला नाही. दूध काढायच्या नळ्या पुसायला वापरला, चिंध्या होईपर्यंत.

ऑर्विल लिअँडरसमोर थांबला. टपरीजवळच उभे होते दोघं, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आमच्या शॉर्टस्टॉपचं बोट मोडलंय, तू बघितलंस," ऑर्विल म्हणाला. "माझी पहिली निवड तू."

"माझे गुडघे बघितलेस का?"

"गेली वीस वर्षं आमच्या पोरांना सांगतोय, त्याच्याकडे मारू नका रे. ऐकतंय कोण? गुडघे आमचे बघ, तुझ्या फेकीआधी पोचायला पळून झिजलेत." ऑर्विलनं शर्टाची घडी उलगडली. पाठीवर नऊ आकडा होता, लिअँडरचाच. "हा आमच्या केनीचा नंबर. त्यानं स्वतःहून काढून दिला. म्हणाला, तो शेजारी उभा असताना मी नऊ घातला तर मला लाज वाटेल."

रोझेलानं ब्रेनर्सबर्गच्या बाकाकडे पाहिलं. ती सगळी दणकट पोरं, आत्ताच जिंकलेली, टोप्या हातात घेऊन उभी होती. कुणी बिअरला हात लावला नव्हता.

"थोडा वेळ दे," लिअँडर म्हणाला आणि टपरीच्या खिडकीशी आला. "मिसेस थीलेन, एक सॉसेज. कांदा जास्त घाला."

"हरलेल्याला कांदा कशाला?" मार्सेलानं विचारलं.

"रडू आलं तर कांद्यावर ढकलता येतं."

त्यानं एक घास खाल्ला. मग पावाकडे बघत हळूच म्हणाला, "एक विचारू? अ‍ॅम्ब्रोसना वाईट वाटलं होतं का? त्यांच्याबरोबर गेल्याचं?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळ्या गावाची तीच समजूत होती. रोझेलानं हो म्हटलं असतं, तर लिअँडर गेला नसता. चोवीस उन्हाळे शाबूत राहिले असते, आणि तिला तेच तर हवं होतं. तिनं चिमटा खाली ठेवला.

"नाही रे," ती म्हणाली. "एक दिवससुद्धा नाही. वाईट मला वाटलं."

"अगं!" मार्सेला वळली. "माझा भाऊ होता तो! मला हे कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? आपण दोघी मिळून ब्रेनर्सबर्गला शिव्या देत होतो, त्यात वेळ कुठे होता." रोझेलानं हात पुसले. "शेवटी इस्पितळात होता ना, तेव्हा या मैदानाबद्दल अवाक्षर नाही काढलं त्यानं. तिथल्या पहिल्या सामन्याबद्दलच बोलायचा. एक चेंडू आला होता म्हणे, दुसऱ्या बेसच्या मागे. म्हणाला, रोझी, तो यायच्या आधीच माझ्या हातात होता. आजूबाजूला माणसं नव्हती, आवाज नव्हता. अकरा वर्षं खेळलो ते त्या एका चेंडूसाठी."

लिअँडर चघळायचा थांबला होता. "हो," तो म्हणाला. "तसंच असतं ते."

"म्हणजे? तुला कधी झालंय तसं?"

तो अवघडला. कुणीतरी त्याच्या घरातली फार खासगी गोष्ट विचारावी तसा त्याचा चेहरा झाला. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते त्यानं पाहिलं.

"बहुतेक रविवारी होतं," तो म्हणाला.

रोझेला खिडकीच्या फळीला धरून उभी राहिली. अ‍ॅम्ब्रोसला जे आयुष्यात एकदा मिळालं, आणि जे आठवत तो शांतपणे गेला, ते या माणसाला बहुतेक रविवारी मिळत होतं. इथेच, या मक्याच्या शेतांमधल्या मैदानावर, ती कांदा चिरत असताना. आणि सोमवारी सकाळी हा मुकाट्यानं जाऊन बस सुरू करायचा.

"मग आता तू जा किंवा नको जाऊ," ती म्हणाली. "मी कोण सांगणार तुला."

लिअँडरनं उरलेलं सॉसेज संपवलं, बोटं पुसली आणि ऑर्विलकडे परत गेला.

"डॉमिनिकला ने," तो म्हणाला. "आमचा तिसऱ्या बेसवरचा. शॉर्टस्टॉपला उभा कर, पाय माझ्यापेक्षा चांगले आहेत. उंच उडालेला चेंडू आला की घाबरतो, तेवढं सांभाळ."

"आणि तू? राज्य स्पर्धा बघायचीच नाही तुला?"

"बघणार की. तिकीट काढून."

"अरे गाढवा, पुढच्या वर्षी तू त्रेचाळीस वर्षांचा होशील."

"आणि पुढच्या वर्षी तू हरशील."

ऑर्विल मोठ्यांदा हसला. मग हसू मावळलं. त्यानं तो नऊ नंबरचा शर्ट नीट घडी करून काखेत धरला आणि डॉमिनिकला शोधायला गेला.

रोझेला आणि मार्सेला टपरी आवरू लागल्या. ऊन तिरपं झालं होतं. धान्याच्या कोठाराची सावली मैदानाच्या मधोमध आली होती. लिअँडर साहित्याच्या खोलीतून लाकडी दाताळं घेऊन आला. गवताच्या कडेपासून सुरुवात करून तो आपला मातीचा पट्टा सारखा करू लागला, उलटा चालत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पावलांचेही ठसे राहणार नाहीत.

"आता काय करतोय तो?" मार्सेला म्हणाली. "मेपर्यंत सामना नाही. तिथे खेळणार कोण, बर्फ?"

रोझेलानं शेगडी बंद केली आणि खिडकीतच थांबली. दाताळ्याच्या रेषा एकमेकींना धरून, जराही न वाकता, दुसऱ्या बेसपासून तिसऱ्यापर्यंत उमटत गेल्या. शेवटचा कोपरा झाल्यावर लिअँडर मागे सरून गवतावर उभा राहिला, एकवार त्याकडे पाहिलं, आणि दाताळं ठेवायला निघून गेला.

गाड्या पलीकडच्या बाजूला लावल्या होत्या. मैदानाच्या मधून गेलं तर दोन मिनिटांची वाट. ब्रेनर्सबर्गचे लोक निघाले. चषक घेतलेला ऑर्विल पुढे, मागे पोरं, त्यांच्या आया, कडेवर पेंगुळलेली मुलं. मातीच्या कडेशी आल्यावर ऑर्विल क्षणभर थांबला, डावीकडे वळला आणि कुंपणाच्या कडेकडेनं लांबच्या वाटेनं चालू लागला. बाकीचे सगळे त्याच्यामागून गेले.