पाचवा ठोका

कडूबाचा कान म्हणजे साऱ्या घराला वैताग! जानेफळच्या भजनात त्यानं जन्मभर मृदंग वाजवला, आणि घरी सुनेच्या भाकरीवर ताल धरला. राखीची थाप जरा अडखळली की ओसरीतून ओरडायचा, "हात काऊन थांबला वं?" तिची आई गेल्याचा फोन आला त्या सकाळी तिचा हात थांबला, तर मेल्यानं चुलीतलं जळतं लाकूड तिच्या पाठीत घातलं.

मग त्याला झटका आला. बोलणं गेलं, हातपाय गेले, नजरेत ओळख उरली नाही. राखी लग्नानंतर पहिल्यांदा पोटभर जेवली.

डॉक्टर घरी आले. तिच्या नवऱ्याला, हर्षलला म्हणाले, "पुढच्या महिन्यात वाटीवर चमचा वाजवून बघू. चार ठोके सारखे, पाचवा जरा उशिरा. डोकं जागं असेल तर त्या उशिराला पापणी आपोआप उडेल. उडाली तर नागपूरला नेऊ, सुधारतील. नाहीतर उगाच हाल नकोत."

हर्षल शेतात गेल्यावर राखीनं वाटी घेतली. टक, टक, टक, टक... टक.

पापणी उडाली! म्हातारा आत शाबूत होता. बरा झाला की पुन्हा तोच कान आणि तिचीच पाठ.

शेजारच्या पिठगिरणीचा पट्टा रोज एकाच जागी अडखळायचा. त्यावर कडूबा कधी ब्रही काढत नसे, सवयीचा झाला होता ना! राखीला ते आठवलं. त्या दिवसापासून घास भरवताना, अंग पुसताना ती वाटी वाजवू लागली. पाचवा ठोका दरवेळी तेवढाच उशिरा.

"बाबाले भजन ऐकवून राह्यली का?" हर्षलला केवढं कौतुक.

"हाव. त्याईले ठेका आवडते ना."

आधी पापणी उडायची. मग नुसती थरथरायला लागली. मग तेही थांबलं.

डॉक्टरांनी येऊन वाजवलं. पापणी ढिम्म. पुन्हा वाजवलं, तरी ढिम्म. "आता घरीच सेवा करा," ते म्हणाले. हर्षल ढसाढसा रडला आणि तसाच त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेला.

राखी म्हाताऱ्याच्या उशाशी बसली. तिला त्याची तिळभर कीव आली नाही. तिनं चार ठोके दिले, आणि पाचवा आज अगदी वेळेवर दिला.

पापणी ताडकन उडाली. डोळ्यातलं पाणी ओघळून कानात गेलं.

"आता नाही ना थांबला हात, मामाजी?" असं म्हणून ती भाकरी थापायला उठली.