राहिलेली आठवी

“संपलं पुस्तक, बाबा,” म्हणून सुनेने चष्मा उतरवला.

सासरे खुर्चीत हलले नाहीत. “बाराच कथा झाल्या. अनुक्रमणिका वाचलीस तेव्हा तेरा होत्या.”

माणूस वजनकाटे तपासून निवृत्त झालेला. चाळीस वर्षं दुकानदारांची खोटी मापं पकडली. आता दृष्टीच्या मधोमध डाग होता. कडेने दार दिसे, कप दिसे, अक्षर तेवढं दिसत नसे. म्हणून प्रयोगशाळेतल्या नोकरीवरून आल्यावर, चहाबरोबर, सून रोज एक कथा वाचून दाखवी. एक भुताची, एक चोराची, एक नुसती दोन शेजारणींच्या भांडणाची. आज हसून ठसका लागे, उद्या हातातला चहा तसाच गार होई.

“दुकानात एकच माल असला की गिऱ्हाईक कंटाळतं. हा लेखक हुशार दुकानदार आहे,” ते म्हणत. आणि कथा संपली की निकाल: “भरली वजनात.” नाहीतर, “पन्नास ग्रॅम कमी.”

“आठवी राहिली,” आता ते म्हणाले. “त्या दिवशी पानं गठ्ठ्याने उलटलीस. कान शाबूत आहेत माझे.”

“ती काही खास नाही, बाबा.”

“ते मी ठरवीन. काढ.”

आठवीत एक मुलगा मोटारसायकलवरून बाहेर जातो आणि घरचे जेवायचे थांबतात. दोन वर्षांपूर्वी हे घरही असंच थांबलं होतं. तेव्हापासून त्यांच्या मुलाचं, तिच्या नवऱ्याचं, नाव दोघांनी एकमेकांसमोर काढलं नव्हतं.

तिने वाचायला घेतलं. कथेत ताटं मांडून झाली, त्यांवर झाकणं पडली. मग वाक्य अर्ध्यात तुटलं.

“राहू दे,” सासरे म्हणाले. “डोळे होते तेव्हा वाचलीय मी ही. पुढचं मी सांगतो.”

त्यांनी सांगितलं. वाटेत चेन तुटली. मुलगा गाडी ढकलत उशिरा घरी आला. आईने शिव्या घातल्या, बायकोने जेवण पुन्हा गरम केलं, आणि पठ्ठ्या दोनदा मागून जेवला.

पान तिच्यासमोर उघडंच होतं. त्यात दारावरची थाप पोलिसाची होती.

“असंच आहे ना?” त्यांनी मान किंचित वळवली. समोरच्याचा चेहरा दिसावा म्हणून त्यांना बाजूला बघावं लागे.

तिने पुस्तक मिटलं.

“भरली वजनात, बाबा.”