गुणाच्या डोळ्यातला ठिपका

पावसाळ्यात आमच्या घरात एकच जागा खऱ्या अर्थाने कोरडी असायची, आणि ती लेन्सची होती.

यांनी फळ्या ठोकून एक पेटी केली होती. आत पंधरा वॉटचा बल्ब, तो दिवसरात्र जळायचा, आणि बल्बच्या उबेत कॅमेरा आणि लेन्स. इकडच्या हवेत लेन्सला बुरशी येते. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी धरते, आणि एकदा धरली की सहसा जात नाही. रत्नागिरीतल्या कुठल्याही हौशी फोटोग्राफरशी बोला, तो मुलांच्या आधी बुरशीची चौकशी करेल. दर रविवारी मयेकरांच्या ओटीवर ही मंडळी जमायची, आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत तिथे दुसरा विषय नसायचा. कुणी लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवी, कुणी कापराच्या वड्या घालून. आमच्याकडे बल्ब.

लेकीची, गुणाची, दुपटी मात्र चुलीवरच्या दोरीवर. त्यांना धुराचा वास यायचा. एकदा तिला सर्दी झाली होती म्हणून दोन दुपटी मी पेटीत सरकवली. हे ऑफिसातून आले, ती काढली आणि घडी घालून खुर्चीवर ठेवली.

"ओल्या कपड्याची वाफ काचेवर बसते," हे म्हणाले. "बी.एस्सी. फिजिक्सवालीला हे मी सांगायचं?"

हे बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. हात अतिशय बारीक. कॅमेरा रशियन, मुंबईच्या मित्राकडून घेतलेला, त्याला पन्नासची नॉर्मल लेन्स आणि वर बसवायचा फ्लॅश. रोल घरीच धुवायचे. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावलं की त्या दिवशी आम्ही सगळे विहिरीवर अंघोळ करायचो. प्रिंट वाळले की त्यांवर धुळीचे जे पांढरे ठिपके उठतात ते मिटवायचे. त्याला ही मंडळी स्पॉटिंग म्हणतात. दोन केसांचा ब्रश, पातळ केलेली काळी शाई, आणि श्वास रोखून एकेक ठिपका. पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही की तिथे काही होतं.

ते सत्याऐंशी साल. जुलैमध्ये मी न्हाणीघरात बादली घ्यायला गेले आणि ट्रेमध्ये पाण्यावर तरंगणारा एक प्रिंट पाहिला. गुणा सासूबाईंच्या मांडीवर, फ्लॅशमध्ये काढलेला. ती तेव्हा सव्वा वर्षाची होती. उजवा डोळा नेहमीसारखा काळाभोर. डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं. कडेला चमक असते तशी नव्हे, आख्खी बाहुलीच पांढरी, एखादी टाचणी टोचून तिथला कागद उघडा केल्यासारखी.

मी प्रिंट तसाच थेंब गाळत बाहेर आणला.

"हे काय आहे?"

यांनी उजेडाकडे धरून पाहिला. "बुरशी. म्हटलंच होतं मी, या वर्षी धरलीय. फ्लॅश मारला की बुरशीवरून उजेड फुटतो. वाळू दे, घालवतो."

"तिचा डोळा दाखवू या का कुणाला?"

"डोळा?" हे हसले. "अगो, लेन्स आजारी आहे, पोरगी नव्हे."

सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "चांगली धावते खेळते. कशाला नसतं काढतेस? काजळ घालत जा भरपूर, दृष्ट नको लागायला."

लेन्स मुंबईला साफ करायला गेली. त्या रविवारी मयेकरांच्या ओटीवर त्यावर मोठी चर्चा झाली म्हणे. मयेकर म्हणजे कस्टममधून निवृत्त झालेले, यांचे गुरूच. लेन्स उघडावी की न उघडावी, उघडली तर काचेवरचं कोटिंग जातं की राहतं. मी दर चार दिवसांनी विचारायची, डॉक्टरकडे जायचं का. उत्तर ठरलेलं. लेन्स येऊ दे, मग एक फोटो काढू, म्हणजे तुझी खात्री होईल. माझ्या लेकीच्या डोळ्याचा निकाल मुंबईतल्या एका दुकानाच्या टेबलावर अडकून पडला होता.

दरम्यान मी बघत होते. मला बघायची सवयच आहे, सासूबाई म्हणतात मी मुलीला नजरेने झिजवीन. तिन्हीसांजेला दिवा लावला की गुणाचा डावा डोळा एखाद्या क्षणी मांजरासारखा उजळे. मी वळून पुन्हा बघेपर्यंत काही नसे. आधीचे प्रिंट मी अल्बममधून काढून बघितले. सगळ्यांत दोन्ही डोळे काळे, नीट. तेव्हा मला वाटलं, म्हणजे आत्ताच सुरू झालंय.

गणपतीच्या आधी लेन्स आली. स्वच्छ, आरपार. त्याच दिवशी यांनी गुणाला माजघरात बसवलं आणि फ्लॅशमध्ये तीन फोटो काढले. मी रोल धुण्याच्या वेळी न्हाणीघराच्या दाराशी उभीच राहिले. तिन्हींत पांढरं होतं.

"आता?"

"आता फ्लॅश." हे जरासुद्धा अडखळले नाहीत. "फ्लॅश लेन्सच्या फार जवळ बसतो, सरळ डोळ्यात जातो. मयेकर म्हणत होतेच."

"मग दोन्ही डोळ्यांत का नाही जात?"

"तिची मान तिरकी असते."

"तिन्हींत मान वेगळी आहे. ह्यात ती फोटोच्या उजव्या कडेला आहे, ह्यात मधोमध. लेन्सचा दोष असता तर डाग एका जागी राहिला असता, नाहीतर सगळाच फोटो धुरकट आला असता. हा डाग तिच्याबरोबर फिरतोय."

यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. घरातल्या भांड्याने अचानक बोलावं तसं काहीतरी होतं.

"पुस्तकातलं ऑप्टिक्स वेगळं असतं," हे म्हणाले. "तू एक तरी रोल धुतलायस का?"

नवरात्रात टाऊन हॉलमध्ये जिल्ह्याच्या हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं. मयेकरांनी यांना आपली लेन्स दिली, पोर्ट्रेटसाठी ती जास्त चांगली म्हणून. गुणाला खिडकीत बसवून काढलेला तो फोटो मोठा करून पाठवला. शाईचं काम चालू असताना मी समोर बसून वाल सोलत होते. यांनी ब्रशचं टोक ओठांत ओलं केलं, शाईला लावलं, आणि माझ्या मुलीची पांढरी आलेली डावी बाहुली काळी केली. मग उजव्या डोळ्यातली चमक पाहून तेवढीच चमक, तेवढ्याच जागी, सुरीच्या टोकाने खरवडून काढली. हातात कला आहे, मी नाही म्हणत नाही.

फोटोला दुसरा नंबर मिळाला. लोक थांबून बघत होते. एक बाई मला म्हणाल्या, "डोळे काय बोलके आलेत हो पोरीचे."

मी घरी आले आणि गुणाला पाटावर बसवलं. पुढ्यात लाडू धरला. तिचा डावा डोळा हाताने झाकला तर ती लाडवाकडे बघत राहिली. उजवा झाकला तर तिने मान झटकली, माझा हात ओरबाडला, रडायला लागली. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला छळतेस कशाला गो?"

यांना सांगितलं. हे बक्षिसाचा फोटो भिंतीवर लावायला खिळा ठोकत होते. "झाकल्यावर मुलं चिडणारच," म्हणाले. "जरा ती चौकट सरळ आहे का बघ."

शेजारच्या सावित्रीचा भाऊ भिवा परदेशी बोटीवर होता. दिवाळीला आला तो एक छोटा कॅमेरा घेऊन, फ्लॅश आतच, रोल रंगीत. ना लेन्स बदलायची, ना काही फिरवायचं. मी सावित्रीला म्हटलं, गुणाचा एक काढायला सांग.

"तुमच्या घरात एवढा मोठा क्यामेरा, नि आमचा कशाला हवा?" सावित्री हसली. "भिवा, काढ रे. वयनींना नवऱ्याची हौस पुरली नाय."

"भाऊजी बघतील नि मला हाकलतील," भिवा म्हणाला. "ह्याला ते खेळणं म्हणतात."

रोल कोल्हापूरहून धुवून आला. तोवर दिवाळी संपून गेली. सावित्रीने फोटो आणून दिला तेव्हा तिचं हसणं बंद होतं. गुणाचा उजवा डोळा लाल, फ्लॅशने येतो तसा. डावा पांढरा.

"वयनी," ती म्हणाली, "ह्या बरा दिसत नाय."

दुसरा कॅमेरा, दुसरी लेन्स, दुसरा फ्लॅश, दुसरा रोल. आता दोष द्यायला एकच वस्तू उरली होती. फोटो बघून हे म्हणाले, "असल्या कॅमेऱ्यात येतातच असे डोळे." मी गुणाला कडेवर घेतलं, फोटो पिशवीत टाकला आणि चालत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खोली अंधारी केली, डोळ्यात औषध घालून आत पाहिलं. मग म्हणाले, उद्याची एस.टी. पकडा. मुंबई. उशीर नको.

तेव्हा हे बरोबर आले. नाही म्हणणार नाही, रात्रभर एस.टी.त गुणाला मांडीवर घेऊन हेच बसले होते.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टर बाई होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर गाठ. लहान मुलांना होते. त्या सरळ बोलल्या, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"कधीपासून दिसतंय हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "जुलैपासून."

"नाही," हे म्हणाले. "गुढीपाडव्यापासून."

मी यांच्याकडे वळले. हे डॉक्टरांकडे बघत होते, एखाद्या अभ्यासू माणसाला दुसरा अभ्यासू माणूस भेटावा तसे.

"पाडव्याच्या रोलमध्ये पहिल्यांदा आलं. अगदी बारीक, एन्लार्जरच्या भिंगाखाली कळेल एवढंच. मग एप्रिलमध्ये जरा मोठं. मी ते प्रिंटवर शाईने घालवत होतो. मला वाटलं, लेन्सला बुरशी धरली."

"दर वेळी? त्याच डोळ्यात?"

मला अल्बममधले ते सगळे नीट, काळेभोर डोळे आठवले, जे बघून मी मनाशी म्हटलं होतं की हे आत्ताच सुरू झालंय.

"त्या वेळी आला असतात," डॉक्टर बाई कागदावर लिहीत म्हणाल्या, "तर डोळा ठेवून काही करता आलं असतं कदाचित. मी खात्रीने नाही सांगत. आता काढावा लागेल. तेवढ्यावर निभावलं तर नशीब समजा."

निभावलं. डोळा काढला, गाठ पुढे गेलेली नव्हती. जखम भरल्यावर काचेचा डोळा बसवला. तो रंगाने इतका जुळता आहे की नवख्या माणसाला पटकन कळत नाही. फक्त तो हलत नाही.

बाहेर व्हरांड्यात हे मला म्हणाले होते, "मला खरंच फोटोतला दोष वाटला गं." मला ते खरं वाटतं, आणि माझी अडचण तीच आहे. खोटं बोलले असते तर एकदा भांडून मोकळी झाले असते. या माणसाने आपल्या मुलीकडे आठ महिने बघितलं, दुरून, जवळून, भिंगाखालून, आणि प्रत्येक वेळी त्याला फोटो दिसला.

बरेच महिने कॅमेरा पेटीतच होता. बल्ब चालू होता. यंदा गुणाला बालवाडीत घातलं. आदल्या रविवारी मयेकर आमच्याकडे आले, रुमालात गुंडाळलेली एक लांब लेन्स घेऊन. मी चहा नेला तेव्हा दोघं ती फिरवून बघत होते.

"एकशे पस्तीस आहे," मयेकर म्हणत होते. "लांबून काढा, सावलीत, उजव्या बाजूने. मागचं सगळं विरघळतं, चेहरा मऊ येतो. डोळ्याचं काही कळणारसुद्धा नाही, रघुनाथराव."

"किती फुटांवरून फोकस होते?" यांनी विचारलं.

मी कप ठेवले आणि आत गेले.

बालवाडीच्या पहिल्या दिवशी गुणा नवा फ्रॉक घालून अंगणात उभी होती. हे पार कुंपणापर्यंत मागे गेले, लांब लेन्स डोळ्याला लावून.

"गुणा, तिकडे बघ. आंब्याकडे."

गुणाने मान वळवली, आणि लगेच परत यांच्याकडे आणली. एका डोळ्याने बघायचं म्हणजे तिला सगळा चेहराच समोर आणावा लागतो. फोटो काढणाऱ्या माणसाकडे बघायचं असतं, एवढं तिला कळतं.

"आंब्याकडे गं बाळा."

"मला तुम्ही दिसत नाय तिकडून," गुणा म्हणाली.

"समोरून काढा," मी म्हटलं.

"समोरून बरा नाही येणार."

"काय बरं नाही येणार?"

यांनी लेन्सची कडी पुढे फिरवली, मागे फिरवली. गुणा समोर बघत, दात दाखवून, हसू धरून उभी होती.

"उजेड नाही," हे म्हणाले, आणि कॅमेरा खाली घेतला.

अंगणभर ऊन होतं. तिच्या फ्रॉकवर, तिच्या रिबिनीवर, तिच्या दोन्ही डोळ्यांवर.

"झाला?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि तिचा हात धरून तिला शाळेत घेऊन गेले.